ओरेसुंडच्या काठी जपलेली ठेव

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन ही समुद्रकाठी वसलेली नगरी. तिच्या पूर्वेस ओरेसुंड नावाची सामुद्रधुनी असून पलीकडच्या तीरावर स्वीडन हा देश आहे. आकाश निरभ्र असले की पैलतीर नुसत्या डोळ्यांनी दिसतो. 2000 साली या पाण्यावर मोठा पूल खुला झाला. आता स्वीडनमध्ये राहणारी हजारो माणसे सकाळी नोकरीसाठी कोपनहेगनला येतात आणि दिवे लागणीला घरी परततात. सीमा ओलांडली हे त्यांच्या ध्यानीही येत नसेल. पण 1943 सालच्या शरद ऋतूत याच चिंचोळ्या पाण्याच्या अलीकडे मृत्यू होता आणि पलीकडे अभय होते.

या काठाची ओळख जगभरच्या मुलांना करून दिली ती एका लहानशा कादंबरीने. अमेरिकन लेखिका लोइस लोरी यांची ‘नंबर द स्टार्स’ ही बालकादंबरी 1989 मध्ये प्रसिद्ध झाली आणि 1990 मध्ये तिला बालसाहित्यातील मानाचे न्यूबेरी पदक मिळाले. डेन्मार्कमध्ये बालपण गेलेल्या एका मैत्रिणीच्या आठवणींतून लेखिकेला ही कथा सुचली. दहा वर्षांची ॲनमरी योहानसन आणि तिची जिवलग मैत्रीण एलन रोझेन यांची ती कथा आहे. दोघी एकाच इमारतीत राहतात, एकाच शाळेत जातात. एलनचे कुटुंब ज्यू आहे. एवढ्याच कारणासाठी एका रात्री तिचा जीव धोक्यात येतो. पात्रे काल्पनिक असली तरी स्थळे खरी आहेत. कोपनहेगनच्या ओस्टरब्रोगाडे या रस्त्यापासून सीलंड बेटाच्या उत्तर टोकावरील गिलेलाये या कोळ्यांच्या गावापर्यंत कथेचा माग काढीत आजही प्रवास करता येतो.

हिऱ्यांच्या व्यापारामुळे अनेक जैन कुटुंबांना ज्यू समाज अपरिचित नाही. बेल्जियममधील अँटवर्पच्या बाजारात पालनपूरहून गेलेले जैन व्यापारी आणि तेथील ज्यू व्यापारी एकाच गल्लीत बसून देवघेव करतात. संख्येने थोडा, व्यापारात मुरलेला, आहारविहाराचे धर्मनियम कसोशीने पाळणारा आणि मुलांच्या शिक्षणाला जपणारा असा हा समाज. हिटलरच्या जर्मनीने दुसऱ्या महायुद्धात यातील सुमारे 60 लाख माणसांची पद्धतशीर हत्या केली. त्यांत सुमारे 15 लाख मुले होती. युरोपातील बहुतेक देशांत शेजाऱ्यांची दारे बंद राहिली. डेन्मार्कमध्ये मात्र बहुतेक दारे उघडली. ती कोणी व कशी उघडली, हे या प्रवासात पावलोपावली दिसते.

ओस्टरब्रोगाडेचा कोपरा

शहराच्या ईशान्य भागातील ओस्टरब्रोगाडे हा रुंद, गजबजलेला रस्ता आहे. दोहो बाजूंना जुन्या दगडी व विटांच्या इमारती, खाली दुकाने, वर बिऱ्हाडे. सायकलींची रांग अखंड वाहत असते. कादंबरीचा आरंभ इथेच होतो. शाळेतून परतताना ॲनमरी, एलन आणि ॲनमरीची धाकटी बहीण किर्स्टी शर्यत लावून धावतात, तोच कोपऱ्यावर बंदुका घेतलेले दोन जर्मन सैनिक त्यांना अडवतात. दोघी थोरल्या भीतीने गारठतात. किर्स्टीला सैनिकांचे भय ठाऊक नाही. तिच्या जन्मापासून जवळजवळ ते रस्त्यावर उभेच आहेत, दिव्याच्या खांबांसारखे.

जर्मनीने डेन्मार्कवर ताबा मिळविला तो 9 एप्रिल 1940 रोजी. प्रतिकार अवघ्या काही तासांत संपला. राजा दहावा क्रिश्चियन देश सोडून गेला नाही. रोज सकाळी तो एकटाच, अंगरक्षक न घेता, घोड्यावरून राजधानीच्या रस्त्यांतून फिरत असे आणि लोक त्याला मुजरा करीत. राजाने स्वतःच्या छातीवर ज्यूंचा पिवळा तारा लावला, अशी एक दंतकथा जगभर सांगितली जाते. ती खरी नाही. डेन्मार्कमधील ज्यूंवर पिवळा तारा लावण्याची सक्ती कधी झालीच नाही. तिथे ज्यू हा वेगळा मानला जात नव्हता. तो शेजारी होता, गिऱ्हाईक होता, मुलांचा शिक्षक होता.

या वातावरणाचा पहिला तडा लेखिकेने एका दुकानाच्या दारावर दाखविला आहे. किर्स्टीच्या कोटाचे बटण तुटते. आई मुलींना श्रीमती हिर्श यांच्या बटणांच्या दुकानात पाठविते. दुकानाला नवे कुलूप असते आणि दारावर नाझी चिन्ह असलेला जर्मन भाषेतील कागद. मुलींना वाटते, बाई गावाला गेल्या असतील. रात्री घरातील मोठी माणसे हलक्या आवाजात बोलू लागतात तेव्हा त्या कुलपाचा अर्थ ॲनमरीला उमगतो. वर्षानुवर्षे ठरल्या वेळी उघडणारे दुकान एके दिवशी उघडत नाही, याचा अर्थ व्यापारी घरातील मुलाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. दुकान बंद पडते तेव्हा एका कुटुंबाची पत, ओळख आणि दिनक्रम यांवरच कुलूप पडलेले असते.

क्रिस्टलगाडेतील सकाळ

जुन्या शहराच्या मध्यभागी, सतराव्या शतकातील प्रसिद्ध गोल मनोऱ्यापासून थोड्याच अंतरावर क्रिस्टलगाडे नावाची गल्ली आहे. तेथे पिवळसर विटांचे ज्यू प्रार्थनामंदिर उभे आहे. 1943 सालच्या ऑगस्टपासून डेन्मार्कमधील परिस्थिती वेगाने बिघडली होती. संप आणि घातपात वाढल्याने 29 ऑगस्ट रोजी जर्मनांनी लष्करी कायदा पुकारला. त्याच पहाटे डॅनिश नौदलाने आपली जहाजे शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून बंदरात स्वतःच बुडविली. कादंबरीत त्या स्फोटांच्या प्रकाशाने जागी झालेल्या किर्स्टीला आई सांगते की ही तुझ्या वाढदिवसाची आतषबाजी आहे. छोटी ते खरे मानते. मुलांचे बालपण टिकविण्यासाठी मोठ्यांना कोणकोणती सोंगे घ्यावी लागतात, याचे हे हृद्य उदाहरण.

सप्टेंबरच्या अखेरीस सर्व ज्यूंना एका रात्रीत पकडण्याचा बेत ठरला. हा बेत फुटला तो एका जर्मन माणसाकडून. गेऑर्ग फर्डिनांड डुकविट्झ हा कोपनहेगनमधील जर्मन वकिलातीत जहाजवाहतुकीचे काम पाहणारा अधिकारी होता. 28 सप्टेंबर रोजी त्याने डॅनिश पुढारी हान्स हेडटॉफ्ट यांना ही बातमी दिली. पकडला गेला असता तर त्याला देहदंडच झाला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी क्रिस्टलगाडेतील मंदिरात धर्मगुरू मार्कुस मेल्किओर यांनी जमलेल्या मंडळींना सांगितले की आज प्रार्थना होणार नाही. घरी जा, भेटेल त्याला सांगा आणि लपा. त्या संध्याकाळी ज्यूंचे नववर्ष सुरू होत होते. सणासाठी सारी कुटुंबे घरी असतील, या हिशेबानेच छाप्याची रात्र निवडलेली होती.

मंदिरातील पवित्र ग्रंथांच्या गुंडाळ्या तातडीने बाहेर काढल्या गेल्या आणि गोल मनोऱ्याला लागून असलेल्या ट्रिनिटाटिस चर्चमध्ये लपविल्या गेल्या. एका धर्माचे शास्त्र दुसऱ्या धर्माच्या मंदिरात ठेव म्हणून राहिले. आज प्रवासी मनोरा चढून शहराचे दृश्य पाहतात. त्याच भिंतीच्या पलीकडे ही ठेव जपली गेली, हे फार थोड्यांना माहीत असते.

1 ऑक्टोबरच्या रात्री जर्मन पोलीस घरोघर फिरले. सुमारे साडेसात हजार ज्यूंच्या या देशात त्यांच्या हाती तीनशेहूनही कमी माणसे लागली. बाकीची घरे रिकामी होती. शेजारी, सहकारी, कधी अगदी अनोळखी माणसे यांनी त्यांना आपल्या घरी नेले होते. एका तरुण रुग्णवाहिका-चालकाने दूरध्वनीची यादी घेऊन त्यातील ज्यू वाटणाऱ्या नावांवर खुणा केल्या आणि एकेका घरी जाऊन निरोप पोहोचविला, अशी नोंद आहे.

कादंबरीतील सर्वांत थरारक प्रसंग याच वेळचा. एलनचे आईवडील वेगळ्या ठिकाणी लपतात आणि एलन योहानसन कुटुंबाकडे राहते. कोणी विचारले तर ती त्यांची थोरली मुलगी लीसे, असे ठरते. खरी लीसे काही वर्षांपूर्वी अपघातात वारलेली. मध्यरात्री सैनिक दार ठोठावतात. एलनच्या गळ्यात सोन्याची साखळी आहे आणि तिच्यात ज्यूंचे चिन्ह असलेला तारा. कडी निघत नाही. ॲनमरी साखळी हिसकून तोडते आणि मुठीत दाबून धरते. सैनिक विचारतो, दोन मुली सोनेरी केसांच्या आणि ही एकटी काळ्या केसांची कशी? तेव्हा वडील अल्बममधून दिवंगत मुलीचे तान्हेपणीचे छायाचित्र काढून त्याच्या हाती देतात. तान्ह्या लीसेचे केस काळे होते. मेलेल्या मुलीने अशा रीतीने एका जिवंत मुलीला वाचविले. सैनिक गेल्यावर ॲनमरी मूठ उघडते, तर ताऱ्याचा ठसा तळहातावर उमटलेला असतो.

दुकानदार, वैद्य आणि बुकबाइंडर

हजारो माणसे लपविणे ही एक गोष्ट आणि त्यांना पाण्यापलीकडे पोहोचविणे ही दुसरी. 2 ऑक्टोबर रोजी स्वीडनने आकाशवाणीवरून जाहीर केले की डेन्मार्कमधून येणाऱ्या सर्व ज्यूंना आश्रय मिळेल. प्रश्न उरला तो तीरापर्यंत जाण्याचा, नावेचा आणि पैशाचा. या कामासाठी पुढे आलेली माणसे कोण होती हे पाहिले तर त्यांत सेनापती किंवा राजकारणी फारसे दिसत नाहीत. दिसतात ते आपापल्या धंद्यातील साधे लोक.

कोपनहेगनच्या कोंगेन्स न्यूटोर्व्ह या मोठ्या चौकात मोगेन्स स्टाफेल्ड्ट यांचे पुस्तकांचे दुकान होते. पळून जाणारी कुटुंबे तिथे गिऱ्हाईक म्हणून येत आणि मागील खोलीत थांबत. दर्शनी खिडकीत एक ठरावीक पुस्तक मांडलेले असेल तर आत येण्यास हरकत नाही, अशी खूण होती. ज्या खिडकीत एरवी विक्रीसाठी माल मांडायचा, तिथे आता अभयवचन मांडले जात होते. शहराच्या बिस्पेबिएर्ग रुग्णालयात डॉक्टर आणि परिचारिकांनी शेकडो माणसांना खोट्या नावांनी खाटांवर ठेवले, आपल्या निवासस्थानांत लपविले आणि अंत्ययात्रेचा देखावा करून गाड्यांतून बाहेर काढले. कादंबरीतही बनावट अंत्यसंस्काराचा प्रसंग आहे. तो वाचताना कल्पनाविलास वाटतो. पण तो वास्तवाच्या फार जवळचा आहे.

कोपनहेगनहून निघालेली किनारी रेल्वे उत्तरेकडे जाताना उजवीकडे ओरेसुंडचे पाणी दिसत राहते. वाटेत क्लाम्पेनबोर्ग स्टेशन लागते. येथील प्राचीन ओक वृक्षांच्या विस्तीर्ण उपवनात सुमारे 2000 हरणे मोकळी चरतात. माणसांची वर्दळ असूनही ती बुजत नाहीत. ॲनमरी आणि एलन ज्या प्रवासाला निघतात त्याच्या वाटेवरचे हे उपवन. पण त्या दिवशी उतरून हरणे पाहण्याइतका निवांतपणा कोणापाशी नसतो. गाडीत सैनिक चढतात आणि सणासाठी गावी निघालात का, असे सहज विचारल्यासारखे विचारतात. त्या एका प्रश्नात फास आहे. किर्स्टीने भलतेच काही बोलून टाकले तर सारे संपेल. ती मात्र आपल्या नव्या बुटांचेच कौतुक सांगत बसते.

तासाभरापेक्षा कमी वेळात गाडी हेलसिंगोरला पोहोचते. शेक्सपिअरने ‘हॅम्लेट’ नाटक ज्या किल्ल्यात घडविले तो क्रोनबोर्ग किल्ला येथेच आहे. येथे सामुद्रधुनी सर्वांत अरुंद. स्वीडनचा किनारा अवघ्या चार किलोमीटरांवर. या गावात ‘शिवण मंडळ’ असे निरुपद्रवी नाव धारण केलेली एक गुप्त मंडळी काम करीत होती. त्यांत एर्लिंग किएर नावाचा बुकबाइंडर होता, एक पत्रकार होता, एक पोलीस अधिकारी होता. पुस्तकांची बांधणी करणाऱ्या या गृहस्थाने नाव चालविण्याचा विशेष अनुभव नसताना बोट मिळविली आणि रात्रीअपरात्री खेपा करून माणसे पैलतीरी पोहोचविली. पुढे तो पकडला गेला आणि जर्मनीतील छळछावणीत डांबला गेला. सुदैवाने युद्धानंतर जिवंत परतला.

येथे पैशाचा विषय टाळून चालणार नाही. ही सुटका सर्वस्वी विनामूल्य झाली, असा समज पुष्कळदा असतो. वस्तुस्थिती अशी की एका माणसाच्या प्रवासासाठी सरासरी हजार क्रोनरच्या आसपास रक्कम घेतली जाई. ती कामगाराच्या कित्येक आठवड्यांच्या मजुरीइतकी होती. पहिल्या दिवसांत काहींनी याहून कितीतरी अधिक मागितले. नाव पकडली गेली तर कोळ्याचा धंदा बुडणार, तो स्वतः तुरुंगात जाणार आणि कुटुंब उघड्यावर पडणार. तेव्हा जोखमीचे मोल मागणे समजण्यासारखे आहे. परंतु संकटग्रस्ताची निकड पाहून भाव वाढविणारेही त्यांत होते, हे नाकारता येत नाही. मग ज्यांच्याजवळ पैसे नव्हते त्यांचे काय झाले? त्यांच्यासाठी वर्गणी जमली. धनिकांनी, संस्थांनी आणि सामान्य नागरिकांनी निधी उभारला आणि मदतमंडळांनी दर खाली आणले. पैसे नाहीत म्हणून काठावर सोडून दिले, असे सहसा घडले नाही. व्यवहार आणि धर्म यांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न प्रत्येक पेढीवर रोज उभा राहतो. त्या ऑक्टोबरात तो बंदरावरच्या काळोखात उभा होता आणि एका देशाने त्याचे बहुतांशी योग्य उत्तर दिले.

गिलेलायेचे बंदर

हेलसिंगोरला गाडी बदलून किनाऱ्याकिनाऱ्याने पश्चिमेकडे गेले की गिलेलाये येते. सीलंड बेटावरील हे अगदी उत्तरेचे गाव. बसकी घरे, लाकडी कुंपणे, बंदरात रंगीत नावा आणि हवेत खारट वारा. उन्हाळ्यात येथे सुट्टीसाठी पर्यटक येतात. पण मासेमारी हा गावाचा पिढीजात धंदा. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या वाचकाला हा व्यवसाय परका वाटेल. तरीही अभयदान कोणाच्या हातून घडेल हे धंद्यावरून सांगता येत नाही, ही जाणीव या बंदरावर उभे राहिले की होते. या एका लहान गावातून 1000 हून अधिक ज्यू पैलतीरी गेले. गावकऱ्यांनी त्यांना माळ्यांवर, गोठ्यांत, होड्यांच्या शेडमध्ये ठेवले, जेवू घातले आणि पांघरुणे दिली.

कादंबरीत ॲनमरीचा मामा हेन्रिक याच गावात राहतो. त्याच्या घराच्या दिवाणखान्यात बिर्टे आजी वारल्याचे सांगून शवपेटी मांडली जाते. ॲनमरीला ठाऊक आहे की अशी कोणी आजी कधी नव्हतीच. मामा तिला सगळे सांगत नाही. जेवढे कमी माहीत तेवढे धैर्य धरणे सोपे जाते, असा त्याचा भाव. शवपेटीत प्रेत नसते. प्रवासासाठी लागणारे उबदार कपडे असतात. रात्री एलन आणि तिचे आईवडील बंदराकडे जातात. पहाटे ॲनमरीला जिन्यापाशी एक पुडके सापडते. ते मामाकडे पोहोचलेच पाहिजे, एवढेच तिला कळते. आईचा घोटा मोडलेला. मग ती एकटीच टोपलीत पाव, चीज आणि सफरचंद ठेवून, त्याखाली पुडके दडवून, रानातल्या वाटेने पळत सुटते.

वाटेत कुत्री घेऊन सैनिक उभे असतात. अशा वेळी ॲनमरी कोणते शौर्य दाखविते? ती शौर्य दाखवीतच नाही. ती आपल्या धाकट्या बहिणीसारखी बावळट, बडबडी मुलगी होते. मामाचा डबा विसरला म्हणून धावत निघालेली पोर. सैनिक टोपली उपसतात, पाव कुत्र्यांना टाकतात, पुडके फाडतात. आत नुसता हातरुमाल निघतो. तिला रडू कोसळते आणि ते रडू खरे असते. त्या रुमालाला लावलेल्या द्रव्याच्या वासाने कुत्री आकृष्ट होत आणि ते हुंगल्यावर त्यांची घ्राणशक्ती काही काळ बधिर होई. नावेच्या तळाशी लपलेल्या माणसांचा माग त्यांना लागत नसे. असे रुमाल त्या काळी खरोखर वापरले गेले, असे लेखिकेने पुस्तकाच्या शेवटी नमूद केले आहे.

कादंबरीतील नाव सुखरूप निघते. गिलेलायेत प्रत्यक्षात तसे नेहमीच झाले नाही. गावाच्या मध्यभागी जुने पांढऱ्या भिंतींचे चर्च आहे. 6 ऑक्टोबरच्या रात्री त्याच्या माळ्यावर सुमारे 80 माणसे लपून बसली होती. त्यांत मुलेही होती. गेस्टापो या गुप्त पोलीसदलाला सुगावा लागला. चर्चला वेढा पडला आणि पहाटेपूर्वी माळ्यावरील माणसे पकडली गेली. तेथून त्यांची रवानगी तेरेझिनश्टाट छावणीकडे झाली. ज्या गावाने हजाराहून अधिक लोक वाचविले त्याच गावाच्या छपराखाली हेही घडले. गावकऱ्यांना तो धक्का मोठा होता. पण ते थांबले नाहीत. उरलेल्यांना आसपासच्या शेतघरांत विखरून ठेवले गेले आणि नावा पुन्हा निघू लागल्या. धैर्याची खरी कसोटी पहिल्या रात्री लागत नाही. अपयशानंतरच्या दुसऱ्या रात्री लागते.

गावात या घटनेचे एक स्मारक आहे. रणशिंगासारखे शिंग फुंकणाऱ्या माणसाची ती धातूची मूर्ती. ज्यू धर्मात नववर्षाच्या सणाला मेंढ्याच्या शिंगाचा नाद करतात. 1943 चे नववर्ष ज्यांना लपून काढावे लागले, त्यांच्या मुक्तीचा नाद या मूर्तीत गोठून राहिला आहे.

परतीचा हिशेब

सुमारे 7200 ज्यू आणि त्यांचे सुमारे 700 ज्यूतर नातलग स्वीडनला पोहोचले. सुमारे 470 जण पकडले जाऊन तेरेझिनश्टाटला गेले. त्यांतील पन्नासच्या आसपास तिथेच मरण पावले. डॅनिश सरकारी अधिकारी, सेवाभावी संस्था आणि नागरिक त्यांची सतत चौकशी करीत राहिले, अन्नाची पुडकी पाठवीत राहिले. त्यामुळे त्यांना पुढे मृत्यूच्या छावण्यांकडे नेले गेले नाही आणि 1945 च्या एप्रिलमध्ये उरलेले चारशेहून अधिक जण पांढऱ्या रंगाच्या बसगाड्यांतून सुटून आले.

4 मे 1945 च्या संध्याकाळी डेन्मार्कमधील जर्मन सैन्याच्या शरणागतीची बातमी आली तेव्हा लोकांनी काळोखासाठी लावलेले पडदे काढून खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. आजही त्या तिथीला अनेक घरांच्या खिडक्यांत ज्योती दिसतात. परतून आलेल्या कितीतरी कुटुंबांना आपली घरे जशीच्या तशी सापडली. शेजाऱ्यांनी कुंड्यांना पाणी घातले होते, किल्ल्या जपल्या होते त्या जागी होत्या, सामान झाडून पुसून ठेवले होते. कोपनहेगनच्या नगरपालिकेने अनेक रिकाम्या घरांची देखभाल केली होती. सर्वांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. काहींची घरे गेली, काहींचे धंदे नव्याने उभे करावे लागले. तरीही त्या काळच्या युरोपात परतणाऱ्या ज्यूला आपले दार उघडे मिळणे ही अपूर्वाई होती.

डेन्मार्कला परिस्थितीही अनुकूल होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. ज्यूंची संख्या थोडी होती, तटस्थ स्वीडन समोर होता, जर्मन सैन्यातील काहींनी डोळेझाक केली. पोलंडमध्ये सुमारे 30 लाख ज्यू मारले गेले. तिथे ज्यूला आसरा देणाऱ्याला मृत्युदंड होता आणि पलीकडे असा कोणताही तीर नव्हता. शिवाय युद्धापूर्वी जर्मनीतून पळून आलेल्या सर्वच ज्यूंना डेन्मार्कने दार उघडले नव्हते. म्हणून या कथेने इतरांना तोलू नये. संधी समोर आली तेव्हा माणसांनी ती दवडली नाही, एवढेच तिचे मोठेपण आहे आणि ते पुरेसे आहे.

कोपनहेगनच्या उत्तर भागात रिवांगेन येथे एक शांत स्मृतिवन आहे. जर्मनांनी प्रतिकारकांना जिथे गोळ्या घातल्या आणि पुरले, तीच ही जागा. किम माल्थे-ब्रून हा 21 वर्षांचा तरुण खलाशी 6 एप्रिल 1945 रोजी, मुक्ती अवघी महिन्यावर आली असताना, मारला गेला. आईला आणि प्रेयसीला लिहिलेली त्याची पत्रे पुढे प्रसिद्ध झाली. लोइस लोरी यांनी पुस्तकाच्या शेवटी त्याचे स्मरण केले आहे. कादंबरीतील पीटर हा लीसेचा वाग्दत्त वर. त्याचाही अंत रिवांगेनलाच होतो. मुलांच्या पुस्तकात लेखिकेने हे दुःख लपविलेले नाही. लीसेचा मृत्यूही साधा अपघात नव्हता, तीही प्रतिकारात होती, हे ॲनमरीला युद्ध संपल्यावर कळते. मुलांना सत्य सांगावे, पण त्यांच्या ओंजळीत मावेल तेवढे आणि मावेल तेव्हा, हा विवेक या पुस्तकात आहे.

धाडस म्हणजे भीती नसणे, असे मुलांना वाटत असते. ॲनमरीलाही तसेच वाटते आणि म्हणून आपण धीट नाही असे ती म्हणते. सैनिकांपुढे ती घाबरलेलीच होती. मामा तिला समजावतो की संकटाचा विचार मनात न आणता हाती आलेले काम पुरे करणे हेच धैर्य. पुस्तकविक्रेत्याने खिडकीत पुस्तक मांडले, परिचारिकेने खाट दिली, बुकबाइंडरने सुकाणू धरले, शेजारणीने कुंडीला पाणी घातले. प्रत्येकाने आपल्या पुढ्यात आलेले काम केले.

युद्ध संपल्याच्या घंटा वाजू लागतात तेव्हा ॲनमरी थोरल्या बहिणीच्या पेटीतील एका वस्त्राच्या घडीतून ती सोन्याची साखळी काढते. तुटलेली कडी दुरुस्त करून द्या, असे वडिलांना सांगते. एलन परत येईपर्यंत ती साखळी आपल्या गळ्यात राहील, असे ठरविते. दुसऱ्याची ठेव आपली मानू नये आणि ती आपल्याहून अधिक जपावी, ही शिकवण व्यापारी घरांत मुलांना अक्षरओळखीबरोबरच मिळते. डेन्मार्कने त्या शरद ऋतूत आपल्या शेजाऱ्यांची घरे, ग्रंथ, किल्ल्या आणि मुले याच भावनेने सांभाळली. हिशेबाच्या वहीत अशा ठेवीची नोंद होत नाही. ती ज्यांनी जपली त्यांची मुले ओरेसुंडच्या काठी वाढली, आणि ज्यांची जपली गेली त्यांच्या मुलांची मुले आज जगभर आहेत.